गिधाडं कशी संपली आणि ते कळलं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिधाडांचा विषय निघाला की शाळेत, ग्रामसभेत, दूध संस्थेच्या बैठकीत तेच ते प्रश्न येतात. काही प्रश्न मुलांचे, काही गुरं पाळणाऱ्यांचे, तर काही 'आता हे कशाला उकरून काढता' अशा सुरातले. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सलग वाचायची गरज नाही. हवा तो प्रश्न गाठावा.

गिधाडं संपली म्हणता, पण आमच्या गावावर तर रोज घिरट्या घालतात. ती कोण?

बहुतेक वेळा त्या घारी असतात. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि उडताना ती सारखी वळवत असते. गिधाड आकाराने बरंच मोठं. त्याचे पंख फळीसारखे सरळ आणि रुंद, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी, शेपूट आखूड. पंख न हलवता ते बराच वेळ तरंगत राहतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड वरून वळलं की कंबरेवरचा पांढरा पट्टा दिसतो आणि खालून पंखाच्या पुढच्या कडेचं अस्तर पांढरं दिसतं.

गिधाडं पूर्ण संपलेली नाहीत. भारतात त्यांच्या नऊ जाती आहेत. त्यातल्या तीन जातींवर सगळ्यात मोठा घाला पडला: पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं गिधाड आणि सडपातळ चोचीचं गिधाड. २०१५च्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा की देशात पहिल्या जातीची सुमारे ६,०००, दुसरीची १२,००० आणि तिसरीची अवघी १,००० गिधाडं उरली आहेत. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी वर्गातला पक्षी असावा, असं जाणकार म्हणत असत.

घट नेमकी किती झाली?

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं. उरलेल्या दोन जातींची घट जवळपास ९७ टक्के होती. राज गिधाड, म्हणजे लाल डोक्याचं, तेही १९९०च्या दशकापासून २००३पर्यंत ९० टक्क्यांच्या वर कमी झालं होतं.

पक्षी कमी होणं नवं नाही. माळरान नांगरलं, तळं बुजवलं की पक्षी जातातच. पण तिथे घट हळूहळू होते आणि डोळ्यांना दिसते. इथे जंगलं तशीच होती, कडे तसेच होते, मेलेली गुरं तशीच गावाबाहेर पडत होती. खाणं, घर सगळं जागच्या जागी, आणि पक्षी मात्र दर वर्षी निम्म्याच्या आसपास मरत होते. नोंदलेल्या इतिहासात इतक्या वेगाने घसरलेले जंगली पक्षी फार थोडे असतील.

एवढ्या मोठ्या देशात पक्षी मोजले कसे? हा आकडा खरा कशावरून?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सुरुवात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचे, शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश तिथे १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. तेव्हा गिधाडं धोक्यात आहेत असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अभ्यासाचा भाग म्हणून घरटी मोजली, एवढंच. १९९६-९७मध्ये त्याच उद्यानात पुन्हा मोजणी झाली तेव्हा घरटी १५० भरली. १९९८-९९मध्ये फक्त २०. झाडांवर मेलेली गिधाडं लटकलेली, जिवंत असलेली मान खाली टाकून तासन्‌तास बसलेली. १९९९मध्ये हे सगळं बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आलं.

एका उद्यानावरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही. गिधाडं दुसरीकडे उडून गेली असतील, असंही कुणी म्हणू शकलं असतं. इथे आणखी एक जुनी वही उपयोगी पडली. १९९१ ते ९३ दरम्यान बीएनएचएसने देशभर रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची पाहणी केली होती. पद्धत साधी होती. ठरलेल्या रस्त्याने गाडी हाकायची, दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत दिसणारा प्रत्येक शिकारी पक्षी जातीसकट नोंदवायचा, किलोमीटर लिहायचे. २०००मध्ये तेच रस्ते, तीच पद्धत वापरून पुन्हा हजारो किलोमीटर फिरणं झालं. मग २००२, २००३, २००७, २०११, २०१५ आणि २०२२मध्येही.

अशा पाहणीत देशातलं प्रत्येक गिधाड मोजलं जात नाही, त्याची गरजही नसते. तोच रस्ता, तोच हंगाम, तीच रीत ठेवली की आकड्यांची आपसांत तुलना करता येते. जिथे १९९२ला शंभर दिसली तिथे २००७ला एकही दिसू नये आणि असं शेकडो रस्त्यांवर घडावं, याला योगायोग म्हणता येत नाही.

खटकणारी गोष्ट अशी की १९९०च्या आधीच्या आकड्यांची आपल्याकडे वानवाच आहे. गिधाडं पावलोपावली होती, म्हणून ती मोजण्याचा विचार कुणी केला नाही. आज साळुंकी, चिमणी, कावळा यांच्याबाबत आपण तेच करतोय.

सुरुवातीला संशय कशावर होता?

सगळ्यांवर. कीटकनाशकं, डीडीटी, खाण्याची टंचाई, झाडतोड, विषबाधा. डीडीटीमुळे अंड्यांचं कवच पातळ होऊन युरोप-अमेरिकेत बहिरी ससाण्यांसारखे पक्षी घटले होते, म्हणून तो संशय स्वाभाविक होता. पण इथे अंडी फुटत नव्हती, मोठी झालेली गिधाडं मरत होती. खाण्याची टंचाई म्हणावी तर मढी पडून कुजत होती.

मग एखाद्या नव्या विषाणूवर बोट ठेवलं गेलं. त्याला आधार होता: मरण एका भागातून दुसऱ्या भागात पसरताना दिसत होतं, आणि गिधाडं एकमेकांना खेटून जेवतात. दोन-तीन वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळा विषाणू शोधत राहिल्या. एक अडचण साधी होती: ताजं मेलेलं गिधाड मिळणंच कठीण. भारतातल्या उन्हात मेलेला पक्षी काही तासांत तपासणीच्या कामाचा राहत नाही.

मग खरं कारण सापडलं कुठे?

पाकिस्तानात, पंजाब प्रांतात. अमेरिकेतल्या पेरेग्रीन फंड या संस्थेसाठी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे स्थानिक सहकारी २०००पासून तिथल्या गिधाडांच्या वसाहतींवर मुक्काम ठोकून होते. मेलेलं गिधाड पडल्या पडल्या उचलायचं आणि उघडून पाहायचं, हे काम.

पोट उघडलं की आत यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर असायचा. ते युरिक आम्लाचे स्फटिक. तपासलेल्या २५९ मोठ्या गिधाडांपैकी २१९ गिधाडांत हा थर सापडला. मूत्रपिंड बंद पडल्याशिवाय तो साचत नाही. म्हणजे काहीतरी थेट मूत्रपिंडावर घाव घालत होतं.

जड धातू तपासले, कीटकनाशकं तपासली, विषाणू तपासले. काही हाती लागेना. तेव्हा प्रश्न वेगळ्या दिशेने विचारला गेला: गिधाडं खातात काय? मेलेली पाळीव गुरं. मरण्याआधी त्या गुरांना काय दिलेलं असतं? गुरांचे डॉक्टर आणि औषधाची दुकानं गाठून यादी केली. त्यात मूत्रपिंडाला बाधक ठरू शकेल आणि नुकतंच सर्रास वापरात आलेलं एक औषध होतं: डायक्लोफेनॅक. दुखणं, सूज आणि ताप कमी करणारं, स्वस्त.

मग तपासणी. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक शोधलं, पंचविसांतही सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ गिधाडांत शोधलं, एकातही नव्हतं. शेवटी औषध दिलेल्या जनावरांचं मांस, जंगलात सोडण्याजोगी नसलेल्या काही गिधाडांना खाऊ घातलं. ती तशीच मेली, पोटात तोच पांढरा थर. २००४च्या सुरुवातीला हे संशोधन 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालं. भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही लगेचच तेच चित्र दिसलं.

डायक्लोफेनॅक तर आम्हीही गुडघेदुखीला घेतो. गिधाडालाच ते एवढं कसं बाधतं?

पक्षी लघवीऐवजी युरिक आम्ल पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. गिधाडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी या औषधाने मरतात, युरिक आम्ल रक्तात साचतं, आणि साधारण दोन दिवसांत पक्षी जातो. किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढी मात्रा निम्म्या गिधाडांचा जीव घ्यायला पुरते. म्हणजे पाच किलोच्या पक्ष्याला एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. आपण घेतो ती गोळी ५० मिलिग्रॅमची असते.

सगळ्या पक्ष्यांना ते इतकं मारक नाही. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना बऱ्याच जास्त मात्रेनेही काही झालं नाही. नावात गिधाड असलं तरी ते कूळ वेगळं. आफ्रिकेतल्या एका जातीच्या कावळ्यांनीही ते सहज पचवलं. उलट राजस्थानात बिकानेरजवळ मेलेल्या स्टेपी गरुडांत डायक्लोफेनॅक आणि तोच पांढरा थर मिळाला, तेव्हा धोका गिधाडांपुरता नाही हे दिसलं.

सगळ्याच गुरांना तर कुणी इंजेक्शन देत नाही. मग एवढी गिधाडं मरतील कशी?

ही शंका तेव्हा शास्त्रज्ञांनाही होती, म्हणून त्यांनी गणित मांडलं. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू मोठं होऊन स्वतः वीण करायला पाचेक वर्षं लागतात. अशा पक्ष्यांची संख्या मोठ्यांच्या दीर्घ आयुष्यावर टिकून असते. मोठ्यांचं मरण थोडं जरी वाढलं तरी नवी पिल्लं ती तूट भरू शकत नाहीत. त्यातून एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात. एकच जनावर औषधाचं निघालं तर सगळी पंगत जाते.

गणिताचं उत्तर असं आलं की दिसली तेवढी घट होण्यासाठी हजारात एक ते सात-आठ मढी विषारी असली तरी पुरेत. प्रत्यक्षात २००४-०५मध्ये भारतभरातून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने गोळा केले, तेव्हा त्यातल्या सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफेनॅक निघालं. म्हणजे इतर कारणं शोधत बसायची गरजच उरली नाही.

२००६मध्ये बंदी आली ना? मग विषय संपायला हवा होता.

बंदी आली आणि तिचा उपयोगही झाला. २००६मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवणं थांबवायचे आदेश निघाले, २००८मध्ये राजपत्रात अधिसूचना आली. दोन-तीन वर्षांत मढ्यांमधलं प्रमाण १० टक्क्यांवरून ६-७ टक्क्यांवर आलं. पण वरचं गणित आठवा: एक टक्कासुद्धा जास्त होतो.

गळती माणसांच्या औषधातून होती. माणसासाठी डायक्लोफेनॅक कायदेशीर आहे, आणि ते ३० मिलीच्या मोठ्या बाटलीत मिळायचं. माणसाला एका वेळी ३ मिली पुरतं. गाय-बैलाला लागतं त्याच्या कितीतरी पट. मग ३० मिलीची बाटली कुणाच्या सोयीसाठी होती, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

हे सिद्ध करायला संशोधकांनी एक साधी युक्ती केली. ते गिऱ्हाईक बनून दुकानात जायचे आणि 'गाय लंगडतेय, दुखण्यावरचं इंजेक्शन द्या' एवढंच म्हणायचे. औषधाचं नाव घ्यायचं नाही. दुकानदार काय पुढे करतो ते पाहायचं. २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतली अडीचशेहून अधिक दुकानं अशी पालथी घातली, तर ३६ टक्के दुकानांत गुरांसाठी डायक्लोफेनॅक मिळालं, बाटलीवर लेबल माणसांच्या औषधाचं. पाहणी करणाऱ्यांनी स्वतःला तज्ज्ञ म्हणून मिरवलं असतं तर हा आकडा कधीच हाती आला नसता.

शेवटी २०१५मध्ये माणसांसाठीची इंजेक्शनंही ३ मिलीच्या एकवेळच्या कुपीपुरती मर्यादित केली गेली. कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७मध्ये निर्णय कायम ठेवला.

डायक्लोफेनॅक गेलं, आता तरी सगळं सुरक्षित?

नाही, कारण त्याच्या जागी जी आली त्यांतली काही तशीच निघाली. अ‍ॅसिक्लोफेनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफेनॅक होतं. कीटोप्रोफेनने गिधाडं मरतात हे २०१०पर्यंत प्रयोगातून दिसलं होतं. या दोन्ही औषधांवर जनावरांसाठी बंदी आली ती ३१ जुलै २०२३ला. म्हणजे पुरावा हातात असताना तेरा वर्षं. निमेसुलाइडवर जनावरांसाठी बंदी डिसेंबर २०२४मध्ये आली. फ्लुनिक्सिन या आणखी एका वेदनाशामकावरही संशय आहे.

मला यात सगळ्यात मोठी चूक ही वाटते की औषध बाजारात येतं आधी आणि गिधाडांवर तपासलं जातं नंतर, तेही संवर्धन करणाऱ्यांच्या पैशाने. जनावरांच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वी ही चाचणी सक्तीची करावी, ही मागणी जुनी आहे. ती मान्य झाली तर पुढची लढाई औषधागणिक लढावी लागणार नाही.

मग गायीला दुखणं झालं तर आम्ही काय द्यायचं? जनावर तडफडत ठेवायचं का?

अजिबात नाही. दोन औषधं गिधाडांसाठी सुरक्षित ठरली आहेत: मेलॉक्सिकॅम (२००६) आणि टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड (२०२२च्या सुमारास). दोन्ही जनावरांच्या डॉक्टरांच्या नेहमीच्या वापरातली आहेत. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला डायक्लोफेनॅकपेक्षा महाग होतं, म्हणून लोक कुरकुरायचे. नंतर अनेक कंपन्यांनी ते काढलं आणि भाव उतरला.

गोठ्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. कासदाह, लंगडणं, ताप, विताना अडकणं अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, 'यात कोणतं औषध आहे?' 'पेनकिलर आहे' हे उत्तर पुरेसं नाही; बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात, त्यामुळे समोरच्या मोठ्या नावाखालची दुसरी ओळही वाचा. दुकानातून परस्पर इंजेक्शन आणून टोचू नका. आणि वेदनाशामक दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं, कोणतं औषध होतं हे नक्की माहीत नसलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.

गिधाडं नाहीत म्हणून माणसाचं काय अडलं?

मढी उघड्यावर राहिली आणि ती कुत्र्यांनी ताब्यात घेतली. गिधाडांचा थवा एखादी म्हैस तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. कुत्र्यांना त्यासाठी दिवसचे दिवस लागतात आणि तोवर ती कुजून ओढ्या-नाल्यांत पाझरते. २००८च्या एका अभ्यासानुसार गिधाडं घटल्यामुळे देशात भटकी कुत्री सुमारे ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४७,३०० माणसं जास्त दगावली.

२०२४मध्ये अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी आणखी मोठं चित्र मांडलं. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असायची ते जिल्हे आणि जिथे ती मुळातच कमी होती ते जिल्हे, यांची औषध येण्याआधीची आणि नंतरची तुलना त्यांनी केली. गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्यूदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचं दिसलं. २००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख जादा मृत्यू. आकडा ऐकून भुवया उंचावतात, माझ्याही उंचावल्या. अर्थात हा थेट मोजलेला आकडा नाही, तुलनेतून काढलेला अंदाज आहे. पण त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशींचा खप वाढला होता आणि पाण्याची प्रत बिघडली होती, त्यामुळे तो सहज झटकून टाकता येत नाही.

मुंबईच्या पारशी समाजाला तर याची झळ थेट लागली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांना सोपवण्याची शतकांची रीत गिधाडांवर चालत आली होती. ती नाहीशी झाल्यावर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

महाराष्ट्रात गिधाडं पाहायची तर कुठे?

रायगडमध्ये म्हसळा तालुक्यातलं चिरगाव आणि मुरुडजवळचं फणसाड अभयारण्य इथे पांढऱ्या पाठीची. ही झाडावर घरटं करतात, त्यामुळे जुना आंबा किंवा बेहडा तुटला की एक घर तुटतं. लांब चोचीची कड्यावर राहतात. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर ती दिसतात. हरसूलकडे खोरीपाड्याला आणि गडचिरोलीतही गिधाडांची ये-जा आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत वीण चालते. त्या काळात घरट्याखाली उभं राहून फोटो काढू नका, ड्रोन तर मुळीच नको. पक्षी उठला तर उन्हात अंडं उघडं पडतं, आणि वर्षातलं ते एकमेव अंडं असतं.

'गिधाड उपाहारगृह' म्हणजे काय? त्याचा फायदा होतो का?

ठरलेल्या जागी, औषधमुक्त आहे याची खात्री केलेलं मेलेलं जनावर गिधाडांसाठी टाकायचं. खोरीपाडा, गडचिरोली इथे हे झालं आहे. कोकणात त्याला वेगळं महत्त्व आहे, कारण तिथे गुरंच कमी झाली आणि खाण्याची ओढ खरी आहे.

पण ते पुरेसं आहे असं मानू नये. गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतं. तुमच्या जागी सुरक्षित मढं खाऊन पलीकडच्या तालुक्यात विषारी मढ्यावर उतरलं तर उपयोग शून्य. म्हणूनच आता शंभर किलोमीटर त्रिज्येचा 'गिधाड सुरक्षित क्षेत्र' हा विचार पुढे आला आहे: त्या सगळ्या टापूतली दुकानं, डॉक्टर, गोठे आधी स्वच्छ करायचे. हे काम कंटाळवाणं असतं, फोटोत येत नाही आणि उद्घाटनाला त्याची फीत कापता येत नाही. खाद्यस्थळाची कापता येते.

पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं जंगलात टिकतात का?

हरियाणातल्या पिंजोर इथे २००१पासून केंद्र आहे. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि भोपाळलाही अशी केंद्रं झाली. तिथे जन्मलेली गिधाडं २०२०पासून टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात झाली. जानेवारी २०२४मध्ये पिंजोरहून काही गिधाडं महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात परिसराची सवय करून मग पाठीवर जीपीएस यंत्र लावून सोडली.

या यंत्राचं मोल पक्ष्याइतकंच. पक्षी कुठे उतरला, कुठे थांबला, कुठे हालचाल बंद झाली, हे कळतं. मेला तर शव ताजं मिळतं आणि कारण कळतं. ओक्स यांना पाकिस्तानात वसाहतीखाली मुक्काम ठोकून जे करावं लागलं, ते आता काही अंशी उपग्रहावरून होतं. सोडलेल्यांपैकी काही मरणारच. त्यावरून प्रकल्प फसला असं लगेच म्हणू नये. किती मेली यापेक्षा कशाने मेली हे विचारावं.

औषधाशिवाय दुसरे धोके?

आहेत. वीजवाहिन्यांचा धक्का आणि तारांना धडक. भटक्या कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारण्यासाठी मढ्यावर टाकलेलं विष. एका मढ्यावर डझनावारी गिधाडं जातात. गुजरातेत पतंगाचा मांजा. घरट्याची झाडं तुटणं, कड्यांवरची वर्दळ. डायक्लोफेनॅकच्या काळात हे किरकोळ वाटायचं. आता पक्षीच इतके कमी उरलेत की दहा गेले तरी तो भाग रिकामा होतो.

कुठे तरी संख्या वाढली आहे का?

नेपाळमध्ये. २००६मध्ये तिथेही बंदी आली, पण त्यांनी गावोगावच्या दुकानांतून साठा खरोखर उचलला. नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौलीत गावकऱ्यांनीच गिधाडांचं खाद्यस्थळ चालवलं: म्हातारी गुरं सांभाळायची, ती नैसर्गिकरीत्या मेली की मग गिधाडांना. २०१२-१३नंतर तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं वाढू लागल्याचं रस्त्यांवरच्या मोजणीत दिसलं. आपल्याकडे घसरण मंदावली, काही ठिकाणी थांबली, पण पांढऱ्या पाठीच्या गिधाडाने अजून उभारी धरलेली नाही. मध्य प्रदेशाच्या राज्यगणनेत सगळ्या जाती मिळून दहा हजारांवर गिधाडं भरतात, हा दिलासा आहे.

उलटं उदाहरण स्पेनचं. आशियातला सगळा इतिहास माहीत असूनही तिथे २०१३मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली गेली. २०२०मध्ये कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू घरट्यात मेलेलं सापडलं. तपासात डायक्लोफेनॅक निघालं.

मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या नोंदीचा काही उपयोग आहे का?

आहे. २०२३चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला, आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात.

फक्त एक पथ्य पाळा: दिसलेल्या सगळ्या जाती लिहा, आवडलेल्या तेवढ्याच नको. किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललात ते लिहा. आणि काही दिसलं नाही तर तेही नोंदवा. 'आज दोन तासांत एकही गिधाड नाही' ही नोंद दहा वर्षांनी कुणाला तरी लागेल. घरट्याची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका, वनविभागाला कळवा.

मेलेलं किंवा आजारी गिधाड सापडलं तर?

हात लावू नका, पाणी पाजू नका, कुत्रे दूर ठेवा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जागा, वेळ आणि लांबून काढलेला फोटो जपा. पायात कडी, पंखावर क्रमांकाची पट्टी किंवा पाठीवर यंत्र असेल तर तो क्रमांक सांगा. आसपास मेलेलं जनावर पडलं असेल तर तेही सांगा, आणि ते कुणाचं होतं, आधी काय उपचार झाले होते हे गावात विचारून ठेवा. कुणाला दोष द्यायला नव्हे. त्या उत्तरावरच तपासणीत कोणतं औषध शोधायचं हे ठरतं. आणि घाई करा: उन्हाळ्यात दुपारी पडलेला पक्षी संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेच्या कामाचा राहत नाही.